मतदार यादीत नसलेला मुंबईकर

कुर्ल्याच्या एका वस्तीत मुलांनी काढलेला एक नकाशा काही वर्षांपूर्वी माझ्या पाहण्यात आला. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची चार पाने उलटी करून खळीने जोडली होती आणि त्यांवर स्केचपेनने गल्ल्या, किराणा दुकान, पिठाची गिरणी, नळ आणि सार्वजनिक शौचालय असे सगळे आपापल्या जागी काढले होते. शौचालयाच्या बायकांच्या बाजूला पाच दारे दाखवली होती आणि त्यांपैकी तीन दारांवर लाल फुली होती. फुलीचा अर्थ विचारल्यावर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी म्हणाली की, त्या दारांच्या आतल्या कड्या तुटल्या आहेत. त्यामुळे एकीने आत जायचे तर दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचे, आणि सोबतीला कोणी नसेल तर शाळेत पोहोचेपर्यंत कळ काढायची. त्याच शौचालयाची मोठ्यांनी केलेली पाहणी तिथल्या कार्यकर्त्यांच्या फाइलीत होती. तिच्यात पाणी, दिवा, साफसफाई यांवर शेरे होते. कड्यांचा उल्लेख कुठेही नव्हता.

स्थानिक कारभारात मुलांना सामील करून घेण्याची भाषा अलीकडे पुष्कळ ऐकू येते, पण तिचा नेमका अर्थ काय, याबद्दल गोंधळच अधिक आहे. मुलांच्या हाती शहर सोपवायचे, असा तिचा अर्थ मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली आणि डिसेंबर १९९२ मध्ये भारतानेही ती मान्य केली. या संहितेचे कलम १२ असे सांगते की, ज्या मुलाला स्वतःचे मत बनवता येते त्याला आपल्याशी संबंधित सर्व बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा अधिकार आहे आणि त्या मताला मुलाचे वय व समज पाहून योग्य ते वजन दिले पाहिजे. म्हणजे मत मांडण्याचा हक्क मुलाचा आणि ते विचारात घेण्याची जबाबदारी मोठ्यांची. अंतिम निर्णय मुलाच्या म्हणण्याप्रमाणेच झाला पाहिजे, असे हे कलम म्हणत नाही. मात्र मुलाला न विचारताच तो घेतला, तर चूक झाली, असे ते नक्की म्हणते.

आता हा हक्क मुंबईत कुठे बसवायचा, हे पाहू. १९८९ मध्ये अमलात आलेल्या ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. महापालिकेची निवडणूक लढवायची तर वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शहरांच्या कारभाराला घटनेत स्थान देणारी ७४वी दुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि तिच्यातून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. मुंबईतल्या प्रभाग समितीवर नगरसेवकांखेरीज बिगर-सरकारी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांमधून जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात, परंतु त्यांचीही नावे त्या भागाच्या मतदार यादीत असावी लागतात. २००९ मध्ये राज्याने कायद्यात 'क्षेत्र सभे'ची तरतूद केली. ग्रामसभेला समांतर अशी ती शहरातली सभा. तिचे सदस्य कोण, तर पुन्हा मतदार यादीतले लोक. शिवाय ही सभा मुंबईत कागदावरून खाली उतरलीच नाही. या सगळ्या व्यवस्थेत नागरिक मोजण्याचे माप एकच आहे, ते म्हणजे मतदार यादी. आणि त्या मापात सतरा वर्षांचा मुलगा शून्य भरतो, मग तो रोज सकाळी पाच वाजता उठून घरासाठी पाण्याचे हंडे का भरत असेना.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत कारभार प्रशासकाच्या हाती होता. मार्च २०२२ मध्ये जी मुलगी आठवीत होती, ती शाळा संपवून कॉलेजात पोहोचली, तरी तिच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. मुले मत देत नाहीत, त्यामुळे त्यांना काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. पण मुलांच्या तक्रारी आईवडिलांच्या तोंडून नगरसेवकाच्या कार्यालयात पोहोचत असतात, आणि तेच दार चार वर्षे बंद होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि नगरसेवकांच्या जागा २२७, म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण ५५ हजार माणसे. प्रतिनिधी असतानाही हे अंतर मोठेच असते.

शेजारच्या कर्नाटकात हा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला गेला. तिथे काम करणाऱ्या मुलांच्या संघटनांनी नव्वदीच्या दशकात मुलांच्या पंचायती सुरू केल्या आणि २००६ पासून राज्य सरकारने 'मक्कळ ग्रामसभा', म्हणजे मुलांची ग्रामसभा, भरवण्याचे आदेश ग्रामपंचायतींना दिले. तिथे मुले पंचायतीच्या लोकांसमोर आपल्या मागण्या ठेवतात आणि त्यांचे पुढे काय झाले, हेही विचारतात. सगळ्या गावांत ती सारख्याच निष्ठेने भरते, असा दावा कोणी करणार नाही; पण मुळात गावात मोठ्यांची ग्रामसभा आहे, म्हणून तिच्या शेजारी मुलांची सभा मांडता येते. मुंबईत मोठ्यांनाच सभा नाही. मुलांच्या सहभागाबद्दल बोलताना ही अडचण सहसा झाकली जाते आणि मग तिची जागा समारंभ घेतात.

समारंभांचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. १४ नोव्हेंबरच्या आसपास गणवेशातल्या दहा-पंधरा मुलांना एखाद्या सभागृहात नेले जाते. शिक्षकांनी लिहून दिलेले आणि मुलांनी पाठ केलेले भाषण होते, पाहुण्यांना गुलाबपुष्प दिले जाते, एखादे मूल पदाधिकाऱ्याच्या खुर्चीत क्षणभर बसते, छायाचित्र निघते आणि बस परत निघते. मुलांना त्या दिवशी मजा येते, हे मी नाकारत नाही. बसमध्ये मिळणाऱ्या बटाटेवड्याचे महत्त्वही मला मान्य आहे. परंतु त्या दिवशी कोणताच निर्णय खुला नसतो. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलू देणे, यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. आपले बहुतेक समारंभ दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच आटोपतात.

त्या शिडीपेक्षा रोजच्या कामाला अधिक उपयोगी पडते ती बेलफास्टच्या बालहक्क अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये केलेली मांडणी. कलम १२ खऱ्या अर्थाने पाळायचे तर चार गोष्टी लागतात, असे त्या सांगतात: मुलांना न घाबरता बोलता येईल अशी जागा, बोलायला मदत, ऐकणारा माणूस आणि ऐकल्याचा परिणाम. पहिल्या दोन गोष्टींची सोय मुंबईतल्या अनेक संस्था आणि शाळा चांगली करतात. वस्त्यांमध्ये बालगट आहेत, मुले पथनाट्ये बसवतात, सर्वेक्षणे करतात. घोडे अडते ते तिसऱ्या गोष्टीपाशी. ऐकणारा माणूस म्हणजे ज्याच्या सहीने काम होते तो माणूस, आणि तो कोण, हेच मुंबईत पटकन कळत नाही.

मानखुर्द किंवा गोवंडीतल्या एखाद्या मुलाच्या शाळेच्या वाटेचे उदाहरण घ्या. तो घरातून निघतो ती गल्ली कोणाच्या जमिनीवर आहे, त्यावर ती कोण दुरुस्त करणार हे ठरते. जमीन महापालिकेची असेल, जिल्हाधिकाऱ्यांची असेल, म्हाडाची (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची) असेल किंवा रेल्वेची. पुढचे शौचालय महापालिकेने बांधलेले असेल किंवा म्हाडाने. मोठा रस्ता महापालिकेच्या रस्ते खात्याकडे, पण तिथला सिग्नल आणि गाड्यांचे पार्किंग वाहतूक पोलिसांकडे. बस बेस्टची. डोक्यावरून जाणारा उड्डाणपूल किंवा मेट्रोचा खांब बहुधा एमएमआरडीएचा, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. वस्तीत पुनर्विकास सुरू असेल तर एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) आणि विकासक हे आणखी दोघे. मुलाच्या दृष्टीने ही एकच, वीस मिनिटांची वाट आहे. कारभाराच्या दृष्टीने ती सहा-सात कार्यालयांची सरहद्द आहे. त्यामुळे मुलांनी 'आमचा शाळेचा रस्ता सुरक्षित करा' असे एक पत्र वॉर्ड ऑफिसात दिले तर ते 'संबंधित खात्याकडे' जाते आणि तिथेच विसावते. मुलांबरोबर काम करणाऱ्या मोठ्यांचे खरे काम इथे सुरू होते. तक्रारींची खातेनिहाय विभागणी करणे, कोणती मागणी वॉर्ड ऑफिसचे प्रमुख असलेल्या सहायक आयुक्तांच्या अधिकारात बसते आणि कोणती मुख्यालयात जाईल हे शोधणे, आणि हे शोधताना मुलांना सोबत ठेवणे. या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही.

दुसरा अडसर वेळेचा आहे. महापालिका आयुक्तांनी पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीपुढे ठेवावे, असा कायद्याचा दंडक आहे, आणि नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४०० कोटी रुपयांहून अधिक होते. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात एखादे मैदान, एखादा पदपथ किंवा एखादी बालवाडी घालायची असेल, तर ती मागणी विभाग कार्यालयातून, म्हणजे वॉर्ड ऑफिसातून, खात्यांकडे आधीच्या काही महिन्यांत जावी लागते. फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत चर्चा रंगते तेव्हा बरेचसे ठरून गेलेले असते. आणि फेब्रुवारी-मार्च हा तर बारावी-दहावीच्या परीक्षांचा काळ. त्या महिन्यांत घराघरांत दूरचित्रवाणीसुद्धा बंद ठेवली जाते, तिथे अंदाजपत्रक कोण वाचणार! म्हणून मुलांशी बोलायचे तर पावसाळा ओसरल्यावर, सहामाही परीक्षा आणि दिवाळी यांच्या आगेमागे बोलायला हवे. तेव्हा तुंबलेली गटारे नुकतीच अनुभवलेली असतात, सुट्टी जवळ असते आणि खात्यांची कागदपत्रे अजून तयार व्हायची असतात. बालदिनाचा सोहळाच करायचा असेल, तर निदान त्या दिवशी पुढच्या वर्षाच्या मागण्या लिहून घ्याव्यात.

पैशाचा निर्णय मुलांवर सोपवण्याचे प्रयोग जगात झाले आहेत. अमेरिकेतल्या बोस्टन शहराने २०१४ मध्ये १२ ते २५ वर्षे वयाच्या मुलामुलींना १० लाख डॉलरच्या भांडवली कामांची निवड करायला दिली. त्यांनी कामे सुचवली, अधिकाऱ्यांबरोबर त्यांचा खर्च तपासला आणि मतदान करून काही कामे निवडली. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत ठेवली आहे. एखाद्या विभाग कार्यालयाने आपल्या निधीतला अगदी छोटा वाटा, समजा दोन-तीन बागांच्या दुरुस्तीचा, त्या भागातल्या शाळांना ठरवू दिला तर मुंबईतही असे घडू शकेल. रक्कम लहान असली तरी चालेल. मुलांना दर, निविदा, देखभाल हे शब्द पहिल्यांदा कळतील, आणि घसरगुंडी हवी की दिवा हवा, असा पेच सोडवताना हात आखडता का घ्यावा लागतो हेही कळेल.

असे काही होईपर्यंत जी दारे आधीच उघडी आहेत ती वापरायला हवीत. शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीवर दोन विद्यार्थी घेतले जातात, त्यांत किमान एक मुलगी असते. पण बैठकीची नोटीस त्यांना मिळते का आणि इतिवृत्तात त्यांचे म्हणणे लिहिले जाते का, हे पालकांनी विचारायला हवे. वस्तीपातळीवरच्या बाल संरक्षण समित्यांतही मुलांच्या प्रतिनिधींची जागा आहे. माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्याने 'सर्व नागरिकांना' दिला असून त्यात वयाची अट नाही. राज्यात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आणि १५० शब्दांच्या मर्यादेत एका विषयावर अर्ज करता येतो. नववीतल्या मुलीने 'आमच्या मैदानावर गेल्या वर्षी किती खर्च झाला' असे विचारले, तर उत्तर द्यावेच लागते. विकास आराखड्याच्या बाबतीत तर १९६६ चा नगररचना कायदा हरकती आणि सूचना 'कोणत्याही व्यक्ती'कडून मागवतो. मुंबईचा आराखडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातल्या चुकांवर शहरभर गदारोळ उठला, तो मागे घेऊन दुरुस्त करावा लागला आणि सुधारित आराखड्याला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. वीस वर्षांचे शहर त्या कागदांवर आखले होते. ज्यांना त्या शहरात सर्वांत जास्त काळ राहायचे होते, त्यांच्या किती शाळांनी आपल्या मैदानाचे आरक्षण नकाशावर तपासून पाहिले असेल?

मुले म्हटले की बोलकी, शाळेत जाणारी, स्टेजवर न बावरणारी मुले पुढे येतात, आणि सहभागाचा हा सर्वांत मोठा धोका आहे. ज्या मुलीच्या वाट्याला पाणी भरणे आणि धाकट्या भावाला सांभाळणे आहे, ती संध्याकाळी पाचच्या बैठकीला येणार नाही, कारण नळाची वेळ तीच असते. चहाच्या टपरीवर काम करणारा मुलगा रविवारीसुद्धा मोकळा नसतो. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला दुसऱ्या मजल्यावरचे समाजमंदिर उपयोगाचे नाही. भाषेचाही प्रश्न आहे: महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. कारभाराची भाषा मराठी आहे आणि निवेदन मराठीत असणे योग्यच आहे; पण चर्चा मुलांच्या तोंडच्या भाषेत होऊ द्यावी आणि मराठी माध्यमातल्या मुलांनी ती इतरांसाठी मराठीत उतरवावी. अशा वेळी 'तुझ्या म्हणण्याचा अर्थ हाच ना?' असे मुले एकमेकांना विचारतात, तेव्हा मागणी अधिक नेमकी होते.

या कल्पनेला असलेल्या आक्षेपांत राजकीय वापराचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मुलांना फलक देऊन उभे करणे सोपे असते आणि कोणत्याही पक्षाला त्याचा मोह होतो. उपाय असा की, मागणी मुलांनी कशी ठरवली याची नोंद ठेवावी, कोणत्याही व्यासपीठावर नेण्यापूर्वी मुलाची आणि पालकांची स्वतंत्र संमती घ्यावी आणि मुलांची नावे-चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. शौचालयाबद्दल किंवा छेडछाडीबद्दल बोललेल्या मुलीचे छायाचित्र फिरले, तर त्याची किंमत तिला वस्तीत मोजावी लागते. मुलांना समज नसते, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. कोणत्या वळणावर रिक्षा अंगावर येते, कोणत्या दुकानापुढून मुली घोळक्यानेच जातात, मैदानात लग्नाचा मांडव वर्षातून किती दिवस पडलेला असतो, हे मुलांइतके पक्के कोणालाच माहीत नसते. ९५ सेंटिमीटर ही तीन वर्षांच्या निरोगी मुलाची सरासरी उंची धरून शहर पाहण्याची एक पद्धत आहे आणि पुण्यात तिच्या आधारे काम झाले आहे. त्या उंचीवरून आपला पदपथ पाहिला तर दुचाकींचे सायलेन्सर, उघडी चेंबरे आणि मोठ्यांचे गुडघे एवढेच दिसते.

अठरा ते पंचवीस या वयाच्या तरुणांबद्दल थोडक्यात. त्यांना मत आहे, पण त्यातल्या पहिल्या तीन वर्षांत उमेदवारी नाही. शिवाय महापालिकेची यादी ठराविक दिवशी गोठवली जात असल्याने नुकतेच अठरा पूर्ण केलेले अनेक जण मतदानाला मुकतात. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास समाजकार्य करावे लागते. हे तास बहुधा झाडू आणि रॅलीत खर्च होतात. विभागातल्या पदपथांची मोजणी, शौचालयांची तपासणी किंवा लहान मुलांच्या नकाशाचे तक्त्यात रूपांतर, अशी कामे या तासांत धरली तर वॉर्ड ऑफिसला फुकटात चांगली माहिती मिळेल.

लंडी यांच्या मांडणीतली चौथी गोष्ट, परिणाम, ही नेहमी होकाराच्याच रूपाने येते असे नाही. मागणी फेटाळली तरी ती का फेटाळली, हे मुलांना कळेल अशा भाषेत आणि ठरलेल्या मुदतीत सांगणे हाही परिणामच आहे. कुर्ल्याच्या त्या नकाशाचे पुढे काय झाले, हे मी नंतर विचारले. मुलांनी पत्राबरोबर नकाशाची झेरॉक्स जोडली होती आणि दोनदा हेलपाटे घालून पोच घेतली होती. काही आठवड्यांनी एका कनिष्ठ अभियंत्याने त्याच झेरॉक्सच्या समासात पेनाने लिहून दिले: तीन कड्या बसवल्या, दिव्याचे काम दुसऱ्या खात्याकडे पाठवले, टाकी मोठी करता येणार नाही, छत भार घेणार नाही. तो कागद बालगटाच्या खोलीत दाराच्या मागे चिकटवला होता. 'दुसऱ्या खात्याकडे' या शब्दांखाली कोणीतरी हिरव्या पेनाने रेघ ओढली होती आणि बाजूला लिहिले होते, 'कुठे आहे? बस नंबर?'